गरम पेयांतलं मायक्रोप्लास्टिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चहा, कॉफी, नुसतं गरम पाणी, बाळाचं दूध: यांत प्लास्टिकचे कण कुठून येतात, किती येतात आणि त्यांनी काय होतं, याबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकच मुद्दा दोन ठिकाणी लागत असेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सगळं वाचायला वेळ नसेल तर २, ३ आणि ६ वाचा.

१. मायक्रोप्लास्टिक म्हणजे नेमकं काय? डोळ्यांना दिसतं का?

५ मिलिमीटरपेक्षा लहान असा प्लास्टिकचा कुठलाही तुकडा, तंतू किंवा पापुद्रा म्हणजे मायक्रोप्लास्टिक. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे १ मायक्रॉन. त्याहूनही बारीक कणाला नॅनोप्लास्टिक म्हणतात. ‘मायक्रोप्लास्टिक’ हा शब्द २००४ साली प्लिमथ विद्यापीठाच्या रिचर्ड थॉम्पसन यांच्या समुद्री कचऱ्यावरच्या शोधनिबंधामुळे रूढ झाला. कपांकडे संशोधकांचं लक्ष नंतर गेलं.

केसाची जाडी ५० ते १०० मायक्रॉन असते आणि त्याखालचं सुटं काही नुसत्या डोळ्याला सहसा दिसत नाही. गरम पेयात उतरणारे बहुतेक कण याहून कितीतरी लहान असतात. त्यामुळे ‘माझ्या कपात काही दिसलं नाही’ आणि ‘माझ्या कपात काहीतरी दिसलं’ या दोन्ही निरीक्षणांवरून काहीच ठरत नाही. दिसलेल्या गोष्टीबद्दल प्रश्न ५ पाहा.

२. थंड पाण्याच्या बाटलीतूनही कण येतातच की. मग गरम पेयांचीच एवढी चर्चा का?

कारण तापमान वाढलं की कणांचा आकडा नुसता वाढत नाही, उसळतो. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने २०२० मध्ये पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकच्या दूधबाटल्या तपासल्या. २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ६ लाख कण सुटले, तर ९५ अंशांच्या पाण्यात सुमारे साडेपाच कोटी. बाटल्या त्याच, फरक फक्त पाण्याच्या तापमानाचा.

असं का होतं? प्लास्टिक वितळावं लागतच नाही. प्रत्येक प्लास्टिकचं एक तापमान असतं, जिथे त्यातल्या रेणूंच्या लांब साखळ्या सैल होऊन हालचाल करू लागतात. नायलॉनचं ते साधारण ५० अंश, मक्यापासून बनणाऱ्या पीएलएचं ५५ ते ६० अंश, पेटचं (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) ७० ते ८० अंश. वाफाळता चहा या तिन्हींच्या वर असतो. पृष्ठभाग मऊ पडतो, फुगतो, त्यावर सूक्ष्म भेगा पडतात आणि कारखान्यात कापताना, दाबताना अर्धवट चिकटून राहिलेले कणही सुटतात. पेट आणि नायलॉनच्या साखळ्या गरम पाण्यात हळूहळू तुटतात, ते वेगळंच.

म्हणून सगळीकडचं प्लास्टिक हटवायच्या मागे लागण्यापेक्षा ‘गरम’ आणि ‘प्लास्टिक’ यांची गाठ पडू न देणं कितीतरी सोपं आहे, आणि मोठा फरकही त्यानेच पडतो.

३. पेपर कप तर कागदाचा असतो. त्यात प्लास्टिक कुठून आलं?

कोरा कागद गरम पेय धरूच शकत नाही. काही मिनिटांत भिजून बसतो. म्हणून कपाला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं. बहुतेक वेळा ते पॉलिइथिलिनचं असतं आणि जाडीला साधारण २० मायक्रॉन. कपाची उभी शिवण आणि तळ चिकटतात तेही हेच अस्तर तापवून, वेगळ्या गोंदाने नाही.

खात्री करायची असेल तर वापरलेला कप शिवणीवर उकलून रात्रभर कोमट पाण्यात भिजत ठेवा. सकाळी बाहेरून कागद बोटाने घासत काढा. लगदा निघून जातो आणि हातात एक पातळ, पारदर्शक, ताणला की लांबणारा पडदा उरतो. तुमचं पेय टेकलेलं असतं ते या पडद्याला, कागदाला नाही.

आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी असे कप तपासले. ८५ ते ९० अंशांचं १०० मिलिलिटर पाणी १५ मिनिटं ठेवल्यावर त्यात मायक्रॉन आकाराचे सुमारे २५ हजार कण मिळाले. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०२२ मध्ये याच प्रकारच्या कपांत त्याहून बारीक कण शोधले. उकळत्या तापमानाला २० मिनिटांत लिटरमागे लाख कोटींच्या घरात नॅनोकण सुटले, बहुतेक ३० ते ८० नॅनोमीटरचे (मायक्रॉनचा हजारावा भाग म्हणजे १ नॅनोमीटर). हे आकडे एकमेकांशी इतके विसंगत का दिसतात ते प्रश्न ७ मध्ये आहे.

‘प्लास्टिकमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही कपांना पाण्यात मिसळून फासलेला पातळ थर असतो. तोही बहुधा पॉलिमरचाच, म्हणजे प्लास्टिकच्याच जातीचा. पूर्वी मेणाचे कप असत, पण गरम पेयात मेण वितळतं, म्हणून ते थंड पेयांपुरतेच राहिले.

४. मग पेपर कपात चहा किती वेळ ठेवला तर चालतो? १० मिनिटांत प्यायला तर सुरक्षित का?

अशी सुरक्षित वेळ ठरलेली नाही. खरगपूरच्या प्रयोगात १५ मिनिटं घेतली कारण माणूस साधारण तेवढ्या वेळात कप संपवतो. तेवढ्यावरून ‘१४ मिनिटं चालतील’ असा अर्थ निघत नाही. सैल कण पहिल्या काही क्षणांतच सुटतात. पेय किती गरम ओतलं हे पेय किती वेळ राहिलं यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

५. काळ्या चहावर चकाकणारा पापुद्रा येतो. तो कपाच्या प्लास्टिकचा किंवा मेणाचा का?

नाही. पाणी जड असलं की त्यातलं कॅल्शियम, चहातली पॉलिफेनॉल्स आणि हवा मिळून तो तवंग तयार होतो. काचेच्या ग्लासातही येतो. लिंबाचे दोन थेंब टाका, निघून जाईल. प्लास्टिक लिंबाने जात नाही.

६. टी-बॅगमधून अब्जावधी कण येतात हे खरं का?

आकडा खरोखर प्रसिद्ध झालेला आहे, पण तो कसा आला हे पाहिल्याशिवाय वापरू नये.

२०१९ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाने नायलॉन आणि पेटच्या, म्हणजे चकचकीत जाळीच्या, टी-बॅग तपासल्या. आतला चहा काढून टाकला, रिकाम्या पिशव्या ९५ अंशांच्या पाण्यात ५ मिनिटं ठेवल्या. एका पिशवीमागे सुमारे ११६० कोटी मायक्रोकण आणि ३१० कोटी नॅनोकण असा हिशेब निघाला. बातम्यांत हाच आकडा फिरतो.

२०२० मध्ये जर्मनीच्या बीएफआर या जोखीम-मूल्यमापन संस्थेतल्या संशोधकांनी यावर आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं असं: प्लास्टिक बनवताना काही अर्धवट, आखूड साखळ्या आत राहतात. त्यांना ऑलिगोमर म्हणतात. त्या गरम पाण्यात विरघळतात. मोजण्यासाठी पाणी वाळवलं की त्या पुन्हा घट्ट होऊन बारीक दाण्यांसारख्या दिसतात. मोजलेल्या कणांतला मोठा भाग असा असू शकतो. म्हणजे पिशवीतून काहीतरी उतरतंय यावर वाद नाही; ते ‘कण’ म्हणून मोजावं का, यावर आहे.

२०२४ मध्ये बार्सिलोनाच्या स्वायत्त विद्यापीठाने पॉलिप्रॉपिलिनच्या पिशव्यांतून दर मिलिलिटरला १२० कोटी कण मोजले. तिथे ३०० पिशव्या ६०० मिलिलिटर पाण्यात घुसळल्या होत्या. पेशींवरच्या प्रयोगासाठी कण गोळा करायचे असतील तर ही रीत ठीक आहे, पण असा चहा कोणी करत नाही. त्यामुळे तो आकडा ‘एका कपातले कण’ म्हणून सांगणं चूक आहे.

व्यवहारात आमचं मत सरळ आहे. चहाची सुटी पत्ती आणि स्टीलची गाळणी हा पर्याय इतका सोपा आहे की आकड्यांचा वाद मिटायची वाट बघायचं कारण नाही.

७. एका अभ्यासात अब्जावधी कण, दुसऱ्यात लिटरमागे फक्त ६०. कोण खोटं बोलतंय?

कोणीच नाही. दोघांच्या चाळणीची भोकं वेगळी आहेत.

बर्मिंगहॅम विद्यापीठाने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत गरम चहात लिटरमागे सरासरी ६० आणि गरम कॉफीत ४३ कण मिळाले. आइस टीत ३१, आइस कॉफीत ३७. पण त्यात १० मायक्रॉनपेक्षा मोठेच कण मोजले होते. एनआयएसटीने १०० नॅनोमीटरखालचे मोजले. मोठे दगड मोजणारा आणि वाळू मोजणारा यांचे आकडे जुळणार नाहीतच.

आणि वजनाचा हिशेब केला की चित्र आणखी स्पष्ट होतं. १०० नॅनोमीटर व्यासाचे १०० कोटी गोल कण एकत्र केले तर त्यांचं वजन १०० मायक्रॉन व्यासाच्या एका कणाएवढं भरतं, कारण व्यास हजारपट वाढला की घनफळ हजार गुणिले हजार गुणिले हजार वाढतं. म्हणजे ‘अब्ज कण’ आणि ‘जाड केसाच्या रुंदीचा एक ठिपका’ ही एकाच मालाची दोन वर्णनं असू शकतात. दोन्ही सुमारे अर्धा मायक्रोग्रॅम.

तरीही बारीक कणांना हलकं समजू नये. तेवढ्याच वजनात त्यांचा एकूण पृष्ठभाग खूप मोठा असतो आणि पेशीत शिरण्याची क्षमता त्यांच्याकडेच असते (प्रश्न १६). म्हणून कुठलाही आकडा वाचताना तीन गोष्टी विचारा: किती आकारापर्यंतचे कण मोजले? पाणी किती गरम होतं? आणि प्लास्टिक न घातलेल्या नुसत्या पाण्यात किती कण निघाले? तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, कारण प्रयोगशाळेच्या हवेतून आणि कपड्यांतूनही तंतू पडत असतात.

८. माझी टी-बॅग कशाची आहे हे कसं ओळखायचं?

चकचकीत, पारदर्शक, जाळीदार आणि बहुधा पिरॅमिडच्या आकाराची असेल तर ती नायलॉन, पेट किंवा पीएलएची. रेशमी म्हटलं तरी रेशीम नसतं.

कागदी दिसणाऱ्या पिशवीची कड पाहा. कड दाबून, दातेरी ठशाने बंद केलेली असेल आणि पिन, दोरा, घडी काहीच नसेल, तर ती उष्णतेने चिकटवलेली आहे. कागद उष्णतेने चिकटत नाही. त्यात प्लास्टिकचे तंतू, बहुधा पॉलिप्रॉपिलिनचे, मिसळलेले असतात. घडी घालून पिन मारलेली किंवा दोऱ्याने बांधलेली पिशवी यामानाने बरी.

शंका राहिलीच तर रिकामी, कोरडी पिशवी चिमट्यात धरून सिंकवर जाळा. कागदाची भुरभुरीत राख होते. प्लास्टिक आक्रसतं, थेंब पडतात आणि गार झाल्यावर कडक मणी राहतो. थोडेच तंतू असतील तर मणी न होता राखेची कड कडक लागते. खिडकी उघडी ठेवा.

९. पाकिटावर ‘वनस्पतीजन्य’, ‘कंपोस्टेबल’ लिहिलंय. मग तर चिंता नाही ना?

ते लेबल कचऱ्याबद्दल आहे, कपाबद्दल नाही. पीएलए मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनत असलं तरी तयार झाल्यावर ते प्लास्टिकच. ते कुजायला औद्योगिक कंपोस्टची साधारण ६० अंशांची सततची ऊब लागते. कुंडीत टाकलेली पिशवी महिनोन्‌महिने तशीच सापडते. आणि ५५ ते ६० अंशांनाच सैल पडणारं हे प्लास्टिक उकळत्या पाण्यासाठी तर फारसं योग्य नाही.

१०. माझी इलेक्ट्रिक किटली आतून प्लास्टिकची आहे. टाकून द्यायची का?

लगेच नको. नवी असताना ती सर्वांत जास्त कण सोडते. आणल्यावर ती कमाल खुणेपर्यंत भरून पाच-सहा वेळा उकळा आणि प्रत्येक वेळी पाणी ओतून द्या. रोज वापरताना उकळलेलं पाणी तासन्‌तास आत ठेवू नका, आणि तेच पाणी पुन्हापुन्हा उकळू नका.

आत बसलेला खनिजांचा पातळ पांढरा थर सारखा खरवडू नका. घासणीने प्लास्टिकवर चरे पडतात आणि चऱ्यांतून कण सुटतात. थर फारच जाड झाला तर व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्लाच्या पाण्याने विरघळवा.

पुढची घ्याल तेव्हा स्टीलची घ्या, पण आत डोकावून. बाहेरून स्टील दिसणाऱ्या पुष्कळ किटल्यांत पाणी दाखवणारी पट्टी, झाकणाची आतली बाजू आणि चोचीतली जाळी प्लास्टिकची असते. उकळत्या पाण्यात बुडणारे भाग आधी तपासा. फक्त वाफ लागणारं झाकण ही दुय्यम गोष्ट.

११. कपाकडे सगळ्यांचं लक्ष असतं. गाळणीचं काय?

चांगला प्रश्न, आणि फार कमी विचारला जातो. नायलॉनच्या जाळीची गाळणी म्हणजे रोज वापरायची टी-बॅगच. उकळी आलेला चहा थेट तिच्यातून जातो, वर चमच्याने दाबून पत्ती पिळली जाते. उष्णता आणि घर्षण दोन्ही एकत्र. जाळी पिवळी पडली, सैल झाली, तिचे तंतू उसवले की ती जुनी झाली असं आपण म्हणतो. उसवलेले तंतू कुठे गेले हे विचारत नाही. स्टीलची गाळणी घ्या. या यादीतला सर्वांत स्वस्त बदल हाच आहे. तोच न्याय प्लास्टिकच्या ढवळणीला आणि चमच्याला.

१२. डब्यावर ‘मायक्रोवेव्ह सेफ’ आहे. त्यात दूध किंवा कॉफी गरम केली तर?

त्या शब्दांचा अर्थ एवढाच की भांडं वितळणार नाही, वाकडं होणार नाही आणि ठरावीक रसायनं मर्यादेपेक्षा जास्त उतरणार नाहीत. कणांची मोजणी त्यात येत नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्का-लिंकन विद्यापीठाच्या २०२३ च्या प्रयोगात, ३ मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये ठेवल्यावर काही डब्यांतून दर चौरस सेंटिमीटरला ४२ लाखांपर्यंत मायक्रोकण आणि २०० कोटींहून जास्त नॅनोकण सुटले. काचेच्या किंवा चिनी मातीच्या कपात गरम करा.

१३. ‘बीपीए-फ्री’ घेतलं की झालं का?

नाही, हे दोन वेगळे विषय आहेत. बीपीए हे पॉलिकार्बोनेटमधून आणि इपॉक्सी थरांतून उतरणारं रसायन आहे. ते शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतं. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०२३ मध्ये त्याची रोजची सुसह्य मर्यादा शरीराच्या दर किलोमागे ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, आधीच्या मर्यादेच्या २० हजारांश. बीपीए नसलेलं पॉलिप्रॉपिलिन त्या बाबतीत बरं, पण कण तेही सोडतं. प्रश्न २ मधल्या बाटल्या पॉलिप्रॉपिलिनच्याच होत्या.

१४. मेलामाइनचे आणि ‘बांबूचे’ कप चालतात का?

गरम पेयासाठी नाही. बांबूचे म्हणून विकले जाणारे पुष्कळ कप म्हणजे बांबूची भुकटी मिसळलेलं मेलामाइन-फॉर्मल्डिहाइडचं राळ. ७० अंशांच्या वर, त्यातही आंबट पेयात, त्यातून मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड उतरतात. अशा भांड्यांत ७० अंशांहून गरम काही घेऊ नये, असं बीएफआर सांगते. आतून चकाकी गेलेला, खरखरीत झालेला कप फेकून द्या.

१५. थर्माकोलचा कप?

टाळा. ते पॉलिस्टायरिन असतं आणि त्यातून स्टायरिनचा अंश पेयात उतरतो. स्टायरिनला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. युरोपीय संघात हे कप जुलै २०२१ पासून बंद आहेत.

१६. हे कण पोटात गेल्यावर पुढे काय होतं?

मोठे कण बहुतांशी शौचावाटे बाहेर पडतात. व्हिएन्नाच्या वैद्यकीय विद्यापीठाने २०१९ मध्ये आठ जणांचे नमुने तपासले. आठही जणांच्या शौचात कण होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार १५० मायक्रॉनपेक्षा मोठे कण शरीरात शोषले जाण्याची शक्यता कमी आहे.

जसजसा कण लहान, तसतसं आतड्याचं अस्तर ओलांडणं सोपं. बार्सिलोनाच्या प्रयोगात (प्रश्न ६) आतड्याच्या पेशींनी नॅनोकण आत ओढून घेतले, आणि ज्या पेशी श्लेष्मा तयार करतात त्यांनी सर्वांत जास्त. पेशींवरच्या आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाह, ऑक्सिडेटिव्ह ताण, आतड्यातल्या जिवाणूंच्या समतोलात बदल हे परिणाम दिसले आहेत. मात्र यातल्या पुष्कळ प्रयोगांत वापरलेली मात्रा रोजच्या कपापेक्षा खूप जास्त असते, आणि कण बहुधा कारखान्यात बनवलेले गुळगुळीत पॉलिस्टायरिनचे गोळे असतात. कपातून सुटलेला कण वेडावाकडा असतो, त्यावर रंग आणि इतर रसायनं असतात.

१७. रक्तात, वारेत (प्लॅसेंटात), मेंदूत प्लास्टिक सापडलं म्हणतात. ते चहातूनच गेलं का?

सापडल्याचे अहवाल आहेत. इटलीतल्या संशोधकांना सहापैकी चार वारांत मिळून १२ तुकडे दिसले. ॲमस्टरडॅममध्ये २०२२ साली २२ पैकी १७ रक्तदात्यांच्या रक्तात प्लास्टिक मिळालं. न्यू मेक्सिको विद्यापीठाने २०२५ मध्ये मेंदूच्या नमुन्यांत यकृत आणि मूत्रपिंडापेक्षा जास्त प्लास्टिक असल्याचं मांडलं. मात्र या शेवटच्या अभ्यासावर आक्षेप आहे: नमुना प्रचंड तापवून मोजण्याच्या पद्धतीत चरबीतून निघणारे वायू पॉलिइथिलिनसारखे दिसू शकतात, आणि मेंदू चरबीने भरलेला असतो.

यातल्या कुठल्याही अभ्यासातून ‘हा कण चहातून आला’ असं सांगता येत नाही. श्वासातून, धुळीतून, इतर अन्नातूनही कण जातातच.

१८. प्लास्टिकमुळे हृदयविकाराचा धोका साडेचारपट होतो, असा मेसेज फिरतोय. खरा आहे का?

आकडा खरा, अर्थ ताणलेला. मार्च २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये इटलीतला अभ्यास आला. मानेतल्या रोहिणीत साचलेला चरबीचा थर शस्त्रक्रियेने काढलेल्या २५७ रुग्णांवर सुमारे ३४ महिने लक्ष ठेवलं. १५० जणांच्या थरात पॉलिइथिलिन होतं. त्यांतल्या ३० जणांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू आला. नसलेल्या १०७ जणांत हे ८ जणांच्या बाबतीत घडलं. वय, आजार वगैरे जुळवून धोका साडेचारपट निघाला.

पण हे सगळे आधीच आजारी असलेले लोक होते. कण आणि झटका एकत्र दिसले, म्हणजे कणानेच झटका आणला असं सिद्ध होत नाही. तुमचा रक्तदाब, धूम्रपान आणि मधुमेह यांकडे दुर्लक्ष करून कप बदलणं हा उलटा न्याय होईल.

१९. आपण आठवड्याला क्रेडिट कार्डाएवढं प्लास्टिक खातो का?

नाही. ५ ग्रॅमचा तो अंदाज २०१९ चा. २०२१ मधल्या दुसऱ्या एका अभ्यासाने प्रौढांसाठी रोजचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) सुमारे ५८३ नॅनोग्रॅम काढला, म्हणजे आठवड्याला सुमारे ४ मायक्रोग्रॅम. दोन्हींत दहा लाखपटीचा फरक आहे. तो दुसरा अंदाजही सगळे अन्नपदार्थ धरून नाही, पण ५ ग्रॅम हा आकडा सोडून द्यायला हरकत नाही.

२०. बाळाची दूधबाटली प्लास्टिकची आहे. पावडरीचं दूध कसं करायचं?

इथे नीट लक्ष द्या, कारण दोन धोके एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पावडर निर्जंतुक नसते. तिच्यातले जिवाणू मरावेत म्हणून जागतिक आरोग्य संघटना किमान ७० अंशांचं पाणी वापरायला सांगते. कणांच्या भीतीने कोमट पाण्यात पावडर कालवू नका. जंतुसंसर्गाचा धोका खरा आणि तातडीचा आहे.

ट्रिनिटीच्या संशोधकांनी सुचवलेली रीत दोन्ही सांभाळते. पाणी स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात उकळा. निर्जंतुक केलेली बाटली, उकळून गार केलेल्या पाण्याने तीनदा विसळा. दूध स्टीलच्या किंवा काचेच्या स्वच्छ भांड्यात, ७० अंशांच्या पाण्यात तयार करा. पिण्याजोगं गार झालं की मगच बाटलीत ओता. प्लास्टिकच्या बाटलीत दूध पुन्हा गरम करू नका, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका आणि गरम असताना जोरात हलवू नका. हलवण्यानेही कण वाढतात. काचेची बाटली असेल तर ओतण्याची ही यातायात वाचते.

२१. पाणी उकळलं की त्यातले कण जातात का?

पाणी जड असेल तर बरेच. २०२४ मध्ये चीनमधल्या ग्वांगझूच्या संशोधकांनी दाखवलं की ५ मिनिटं उकळल्यावर पाण्यातला चुना कणांभोवती जमतो आणि त्यांना घेऊन खाली बसतो. लिटरला ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट असलेल्या पाण्यातून ९० टक्क्यांपर्यंत कण कमी झाले, ६० मिलिग्रॅमच्या हलक्या पाण्यातून सुमारे २५ टक्के. अट अशी की पाणी गार होऊ द्यायचं, मग कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळायचं. तळाचा पांढरा गाळ ढवळून प्यायलात तर सगळं परत पोटात. आणि उकळायचं भांडं प्लास्टिकचं नको, हे सांगायला नकोच.

२२. शरीरात गेलेले कण बाहेर काढणारं काही औषध, काढा, डिटॉक्स आहे का?

सिद्ध झालेलं काहीही नाही. ‘तुमच्या रक्तातलं प्लास्टिक मोजून देतो’ असं सांगणाऱ्या चाचण्यांवरही पैसे घालवू नका. किती म्हणजे जास्त, हे ठरवणारी वैद्यकीय मर्यादाच अस्तित्वात नाही, त्यामुळे निकालावर डॉक्टरला काही करता येत नाही.

२३. माझा मग स्टीलचा आहे, पण झाकण प्लास्टिकचं. उपयोग काय?

उपयोग आहे. मगातलं पेय बहुतेक वेळ स्टीललाच टेकलेलं असतं. झाकणाला फक्त वाफ आणि पिताना जाणारा घोट लागतो. जास्त काळजी असेल तर झाकण काढून प्या. रबरासारखी रिंग सिलिकॉनची असते आणि उष्णतेला प्लास्टिकपेक्षा चांगली टिकते. चिरली किंवा चिकट झाली की बदला. पेपर कपावरचं झाकण मात्र काढलेलंच बरं: वाफ त्याला लागून थेंब परत पेयात पडतात.

२४. बाहेर पेपर कपाशिवाय काहीच मिळत नसेल तर? की पेय आधी गार करून कपात ओतलं तर चालेल?

अधूनमधून एखादा कप प्यायल्याने घाबरण्याजोगं काही होत नाही. रोज तीन-चार कप तसेच जात असतील तर स्वतःचा मग जवळ बाळगा.

आधी गार करून ओतणं ही कल्पना बरोबर आहे, पण क्रम महत्त्वाचा. उकळतं पेय कपात ओतून तिथे गार केलं तर सर्वांत गरम क्षण अस्तराच्याच वाट्याला येतो. पातेल्यात किंवा काचेत ६० अंशांच्या आसपास येऊ द्या, मग ओता. थर्मामीटर नसेल तर साधी खूण: फुंकर न मारता सहज घोट घेता आला की ओतायला हरकत नाही. याचा दुसरा फायदाही आहे. ६५ अंशांहून गरम पेयांना कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या संदर्भात ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं आहे, आणि त्या निष्कर्षाचा प्लास्टिकशी संबंध नाही. तो नुसत्या चटक्याबद्दल आहे. काचेच्या पेल्यातल्या चहालाही तो लागू होतो.